नौकेवरचें बक्षीस

सुशिक्षित मनुष्य कंजूष झाला म्हणजे तो तत्त्वज्ञ होतो. अशिक्षित कंजूष "मला परवडत नाहीं" असें सरळ सांगून मोकळा होतो. सुशिक्षिताला तेवढें सांगण्याची लाज वाटते, म्हणून तो आपल्या खिशाला घातलेल्या कुलपावर एखाद्या सिद्धान्ताची पाटी लावतो. अशा सिद्धान्तांपैकीं एक सध्यां आमच्या मध्यमवर्गांत बराच बोकाळला आहे. तो असा कीं, सेवा करणाराला ठरल्या दरापेक्षां अधिक कांहीं देणें म्हणजे त्याच्या स्वाभिमानाचा अपमान करणें होय. ही चाल पाश्चात्यांकडून आलेली असून ती आपण वाढूं देतां कामा नये. सिद्धान्त ऐकावयास गोड आहे. परंतु तो जेथें उच्चारला जातो तें ठिकाण, ज्या घटकेला उच्चारला जातो ती घटका, आणि उच्चारणारानें तासाभरापूर्वीं काय केलें होतें, हें तिन्ही पाहिलें म्हणजे त्याची गोडी उतरते. सिद्धान्ताची ही परीक्षा एका विशिष्ट ठिकाणीं घ्यावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें ठिकाण म्हणजे मालवण-तारकर्लीचा किनारा, आणि त्या किनाऱ्यावरून पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवावयास नेणाऱ्या नौका.

राहुरी कोठें आणि मालवण कोठें, असें कोणी विचारील. आम्ही घांटावरचीं माणसें. आमचें पाणी म्हणजे मुळेचें, आणि फार तर बारागांव नांदूरजवळच्या धरणांत अडलेलें. आमच्या पिढीतले बहुतेक जण पोहावयास शिकले ते पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून, विहिरींत. परंतु अलीकडे दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटींत राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या बाजूंनीं भाड्याच्या मोटारी भरभरून मंडळी कोंकणांत उतरतात. आणि पूर्वीं जी सहल सिंधुदुर्ग किल्ला, माशांचें जेवण व काजूंच्या पिशव्या एवढ्यांत संपत असे, तिला आतां 'स्कूबा' हा एक नवा टप्पा जोडला गेला आहे. परत आलेल्या माणसाला गल्लींत पहिला प्रश्न "स्कूबा केला का?" असा विचारतात. "किती दिले?" हा दुसरा. दिलेला आंकडा ऐकून "आम्हांला याहून स्वस्तांत पडला" असें सांगणारा शेजारी प्रत्येक गल्लींत असतोच, आणि त्या उत्तरानें त्याला झालेला आनंद पोवळीं पाहून झालेल्या आनंदाहून मोठा असतो. प्रश्न नेमका येथें सुरू होतो, म्हणून तो आमच्या राहुरीचाहि आहे.

ज्यांनीं हा प्रकार पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं तो थोडक्यांत सांगतों. 1664 सालीं शिवाजी महाराजांनीं ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें बांधकाम सुरू केलें, त्या बेटाच्या भोंवतालच्या उथळ पाण्यांत खडक आहेत, खडकांवर पोवळीं आहेत, आणि पोवळ्यांच्या आश्रयानें राहणारे रंगीबेरंगी मासे आहेत. 1987 सालीं येथील समुद्राचा कांहीं भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्ली येथें या विद्येचें शिक्षण देणारी एक संस्थाहि काढली आहे. परंतु बहुतेक पर्यटक शिकावयास जात नाहींत, पाहावयास जातात. त्यांना रबरी पोशाख चढवितात, कमरेला शिशाचा पट्टा बांधतात, हवेचें नळकांडें देतात, त्याची नळी तोंडांत धरावयास शिकवितात. आणि ज्याला विहिरींतहि धड पोहतां येत नाहीं अशा त्या माणसाला एक पाणबुड्या मागून धरून खालीं नेतो. पर्यटकाचें काम तोंडानें श्वास घेणें आणि बोटांनीं खुणा करणें, एवढेंच. बाकी खालीं जाणें, वर येणें, किती हवा उरली तें पाहणें, सारें दुसऱ्याच्या हातांत असतें.

हें "दुसऱ्याच्या हातांत असणें" किती मोठें आहे याची कल्पना किनाऱ्यावर उभें राहून येत नाहीं. दहा मीटर खोल पाण्यांत दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. तेथें छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी घाबरून वर झेपावला, तर ती हवा वर येतां येतां दुप्पट जागा मागूं लागते, आणि फुप्फुसाजवळ द्यावयास तेवढी जागा नसते. दाबाचा हा पालट पृष्ठभागाच्या जवळच सर्वांत झपाट्यानें होत असल्यामुळें, उथळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी हा समज खोटा आहे. श्वास रोखूं नये, हा या विद्येचा पहिला नियम. आणि घाबरलेला मनुष्य पहिल्यानें जें करतो तें हेंच. त्या क्षणीं त्याला घट्ट धरून ठेवणारा, डोळ्याला डोळा भिडवून हातानें 'हळू, हळू' अशी खूण करणारा जो विशीपंचविशींतला मुलगा असतो, त्याच्या हातांत एक संबंध बिऱ्हाड असतें. हंगामांत हें त्याला दिवसांतून कितीदां तरी करावें लागतें. पर्यटक एकदां खालीं जातो आणि जन्मभर सांगत सुटतो. त्या मुलाचे कान आणि त्याचें रक्त मात्र ही खालवर रोज सोसतात. पावसाळा सुरू झाला कीं हा धंदा बंद. त्या महिन्यांत त्याला कोणी विचारीत नाहीं.

आणि त्या मुलापाठीमागें आणखी माणसें आहेत. नौका नांगरून प्रवाहाकडे लक्ष ठेवणारा तांडेल आहे, बायकामुलांना हात देऊन वर घेणारा खलाशी आहे, आणि सर्वांत विसरलेला असा, नळकांडीं भरणारा मनुष्य आहे. बारा लिटरच्या नळकांड्यांत दोनशें पट दाबानें हवा भरली म्हणजे त्यांत सुमारें 2400 लिटर हवा मावते. ती भरणारें यंत्र ज्या तोंडानें हवा ओढतें त्या तोंडाशीं इंजिनाचा धूर आला, तर धुरांतील विषारी वायूहि त्या हवेबरोबर आंत जातो. त्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि खोल पाण्यांतील दाबाखालीं त्याची बाधा अधिकच होते. म्हणजे यंत्राशीं बसलेल्या त्या माणसानें हयगय केली तर नौकेवरच्या सर्वांत कुशल पाणबुड्याची कुशलता फुकट आहे. त्याला कोणी पाहत नाहीं. पाण्याखालीं काढलेल्या व्हिडिओंत तो नसतो. आणि बक्षीस देतेवेळीं ज्याला त्याची आठवण झाली असा पर्यटक मला अद्याप भेटावयाचा आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. स्कूबाचा दर किनाऱ्यावर ठरतो, आणि तो ठरविणारा बहुधा पाण्यांत उतरणारा नसतो. राहावयास खोली देणारा, वाटेंत हात करून मोटार थांबविणारा एजंट, नौकेचा मालक, अशी एक सांखळी असते, आणि तिच्या प्रत्येक कडीला कांहीं ना कांहीं चिकटून राहतें. समजा, माणशीं 1000 रुपये सांगितले. कुटुंब चौघांचें. गृहस्थ पाऊण तास घासाघीस करून, दोनदां मोटारींत बसून पुन्हां उतरून, दर 700 वर आणतात. म्हणजे 1200 रुपये वांचले. ही तूट कोणी सोसली? एजंटानें आपली दलाली सोडली नाहीं. डिझेल स्वस्त झालें नाहीं. मालकाच्या कर्जाचा हप्ता बँकेनें माफ केला नाहीं. ती तूट सरकत सरकत शेवटच्या माणसापाशीं येऊन थांबते, कारण त्याला खालीं ढकलावयास दुसरा मनुष्य उरलेला नसतो. समुद्र तेवढा असतो. मग तासाभरानें तें कुटुंब ओल्या केसांनीं, हसऱ्या तोंडांनीं वर येतें, तो मुलगा "मजा आली ना, काका?" असें विचारून क्षणभर घुटमळतो, आणि नेमकें त्याच क्षणीं काकांना स्वाभिमानाचा सिद्धान्त आठवतो!

असे एक सद्गृहस्थ मीं एका नौकेवर प्रत्यक्ष पाहिले. आमच्याच जिल्ह्यांतले, चांगले शिकलेले, बोलावयास गोड. त्या मुलाचा ओला हात पुढें आलेला पाहून त्यांनीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि श्रमप्रतिष्ठेवर पांच मिनिटांचें एक प्रवचन झोडलें: बाळा, कष्टाचा पैसा घ्यावा, हात कोणापुढें पसरूं नये, इत्यादि. मुलानें तें सारें खालीं मान घालून ऐकून घेतलें आणि मग हळूच म्हटलें, "तें खरें, काका, पण तो अंगांतला ड्रेस काढून द्या, दुसरीं माणसें खोळंबलीं आहेत." नौकेवर हंशा पिकला. सद्गृहस्थहि हंसले, परंतु पाकिटाकडे त्यांचा हात गेला नाहीं तो नाहींच.

मला या गृहस्थांना एकच विचारावयाचें आहे. दर पाडण्याचा हक्क आणि वर कांहीं न देण्याचें तत्त्व, यांपैकीं आपल्याला कोणतें एक हवें? दोन्ही मिळणार नाहींत. जो मनुष्य सांगितलेला दर एका शब्दानें न पाडतां मोजून देतो आणि मग "यापेक्षां अधिक देणें मला प्रशस्त वाटत नाहीं" असें म्हणतो, त्याच्याशीं माझा वाद नाहीं. त्याला मी नमस्कार करीन. जपानांत बक्षीस देण्याची चाल नाहीं, हें आमचे लोक मोठ्या कौतुकानें सांगतात. खरें आहे. पण तेथें दुकानांत गेलेला मनुष्य सांगितलेला दर देतो, हें सांगावयाचें मात्र ते विसरतात. आम्हांला जपानचा अर्धाच धडा पाहिजे, आणि तो अर्धा कोणता हें सांगावयास नको. आम्हां प्राध्यापकांचा पगार दर महिन्याला बँकेंत जमा होतो. "आजचें व्याख्यान जरा लांबलें, सातशांत मिटवा" असें आम्हांला कोणी म्हणत नाहीं. ज्याला कोणी असें कधींच म्हटलेलें नाहीं त्यानें दुसऱ्याच्या स्वाभिमानाचा वकील होण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

ही चाल पाश्चात्य आहे, हेंहि खरें नव्हे. आपल्या भाषेंत या एका देण्याला किती शब्द आहेत पहा: बक्षीस, पोस्त, खुशाली, ओंवाळणी, चहापाणी, चिरीमिरी, आणि वरच्या वर्गासाठीं दक्षिणा. 'बक्षीस' फारसींतून आलें तें इंग्रजांची 'टिप' आपल्या कानांवर पडण्याच्या कितीतरी आधीं. दिवाळीची पोस्त घरोघर दिली जात असे, आणि दक्षिणा घेतल्यानें कोणाचा स्वाभिमान दुखावतो अशी शंका आमच्यापैकीं कोणी कधीं काढल्याचें ऐकिवांत नाहीं. ती शंका खलाशाच्या बाबतींतच कां निघावी? गांवच्या बलुतेदाराला खळ्यावर धान्याचा वांटा मिळे तो रिवाजानें बांधलेला असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 1915 सालच्या 'गांव-गाड्या'त या सगळ्या देण्याघेण्याचा पंचनामा करून ठेवला आहे, आणि त्यांत देणाराघेणारांपैकीं कोणाचीहि भीड धरलेली नाहीं. बलुत्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं; ज्यांना तो मोह होत असेल त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतले दया पवार यांचें 1978 सालचें 'बलुतं' एकदां वाचावें, म्हणजे वांटा मागतांना कोणाला किती वांकावें लागे तें कळेल. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, कामाचा दाम आणि मर्जीचें देणें यांची सीमा आपल्या समाजाला नवी नाहीं, आणि ती पुसली गेली म्हणजे काय होतें हेंहि त्याला चांगलें माहीत आहे.

माहीत नसेल तर राहुरीच्या कोणत्याहि उसाच्या फडांत जावें. ऊस वेळेवर तुटून कारखान्याला गेला म्हणजे शेतकऱ्यानें आनंदानें टोळीच्या आणि वाहनचालकाच्या हातांवर जें ठेवावयाचें, त्याचें नांव 'खुशाली'. किती गोड शब्द! आज ती आधीं ठरते आणि ऊस मागाहून तुटतो. देणाराची खुशी केव्हांच गेली. घेणाराची तरी आहे कीं नाहीं कोण जाणे. अशी रक्कम देऊं-घेऊं नये म्हणून साखर आयुक्तालयाकडून परिपत्रकें निघतात, आणि फडांत ती चालूच राहते. शेतकरी टोळीला दोष देतो, टोळी मुकादमाच्या उचलीकडे बोट दाखविते, कारखाना दोघांकडे पाहून मान हलवितो. माझें मत असें आहे कीं, जेथें मूळ दर माणसाला पुरत नाहीं तेथें मर्जीचें देणें आज ना उद्यां सक्तीचें होतें. नौकांवर तें अजून झालेलें नाहीं. अजून तो मुलगा घुटमळतो, अडवीत नाहीं. "एकदां दिलें कीं हे लोक चटावतात" असें म्हणणारांना मी उलट सांगतों कीं, माणसें चटावतात तीं दिल्यानें नव्हे. आधीं दर पाडून आणि मग कांहीं न देऊन आपण त्यांना अडवणूक करावयास शिकवितों. आज जे काका पाऊण तास घासाघीस करतात, तेच उद्यांच्या खुशालीचे जनक आहेत.

बक्षिसाविरुद्ध खरा, विचार करण्यासारखा असा एक युक्तिवाद आहे, आणि तो अमेरिकेच्या इतिहासांतून शिकावा. ही चाल तेथें यादवी युद्धानंतर फोफावली, आणि तिच्याविरुद्ध तेथेंच मोठें काहूर उठलें. 1909 सालीं वॉशिंग्टन या संस्थानानें बक्षीस देण्याघेण्याला कायद्यानें बंदी केली. आणखी पांच संस्थानांनीं तिचें अनुकरण केलें. 1916 सालीं विल्यम स्कॉट या गृहस्थानें 'दि इचिंग पाम', म्हणजे 'खाजणारा तळहात', या नांवाचें जळजळीत पुस्तक लिहिलें. 1926 पर्यंत ते सर्व कायदे रद्द झाले आणि चाल शाबूत राहिली. तिचा लाभ कोणाला झाला? पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांतून काम करणाऱ्या कृष्णवर्णीय सेवकांना कंपनी अगदीं तुटपुंजा पगार देई. उरलेलें त्यांनीं उतारूंच्या हसण्यारुसण्यावर मिळवावें, असा मामला. 1925 सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं संघ स्थापिला, आणि कंपनीनें करारावर सही करावयास 1937 साल उजाडलें. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊं नये. बक्षीस मिळविणाऱ्या नोकराला मालकानें तासाला रोख 2 डॉलर 13 सेंट दिले तरी पुरे, ही अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यांतील सवलत 1991 सालीं त्या आंकड्याला पोंचली आणि अद्याप तेथेंच आहे. कांहीं संस्थानांनीं आपापले दर वाढविले, ही गोष्ट निराळी. म्हणजे गिऱ्हाइकानें दिलेलें बक्षीस नोकराच्या पदरांत पडण्याऐवजीं मालकाच्या पगारपत्रकांतून वजा होतें. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. माझें भांडण आहे तें त्याच्या पत्त्याशीं. बक्षिसामुळें मालकाला पगार चोरावयाची सोय होते, हें पटलें असेल तर मालकाला जाऊन विचारा: या नौकेवरच्या माणसांना फेरीमागें काय देतां? पावसाळ्यांत काय देतां? अपघात झाला तर त्यांचा विमा आहे काय? हे प्रश्न विचारणारा एकहि सिद्धान्तवादी पर्यटक माझ्या पाहण्यांत नाहीं. त्यांचा सिद्धान्त मालकासमोर मुका असतो आणि खलाशासमोर त्याला वाचा फुटते. उपाहारगृहांनीं सेवाशुल्क आपोआप बिलांत लावूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें 2022 सालीं बजाविलें, आणि 2025 सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. तेव्हां आमच्या वर्गांत केवढा जल्लोष झाला! निर्णय योग्यच होता, कारण सक्तीनें घेतलेलें तें बक्षीस नव्हे. पण 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ 'अनावश्यक' असा लावण्याची जी चलाखी आम्ही दाखविली ती न्यायालयानें शिकविलेली नव्हती.

कंजुषाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, घातुक असा दुसरा एक दाता आहे. त्याच्याकडे पैसा आहे आणि तो दाखविण्याची हौसहि आहे. हा गृहस्थ पाण्यांत उतरण्यापूर्वींच नोट काढतो. "जरा जास्त वेळ फिरव", "आमच्या मुलाला वय बसत नसलें तरी ने", "रक्तदाबाचें फॉर्मवर लिहूं नको", "मासे जवळ येऊं देत, पाव टाक", "तें पोवळें हातांत घेऊन फोटो काढूं दे". हें बक्षीस नव्हे, ही लांच आहे. आंवळा देऊन कोहळा काढणें आहे, आणि कोहळा त्या मुलाच्या पोटापाण्याचा आहे. पोवळें हें दगडासारखें दिसलें तरी सूक्ष्म जीवांनीं घडविलेलें घर असतें. तें मोडलें, माशांना पावाची चटक लागली, म्हणजे अभयारण्याचें जें होईल तें होईलच. पण उद्यां पर्यटकांना दाखवावयास त्या मुलाजवळ काय उरेल? आणि सुरक्षिततेचा नियम ज्या नोटेनें वांकतो तिची किंमत कोणी तरी पुढें मोजतोच. 24 मे 2022 रोजीं तारकर्लीच्या समुद्रांत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची एक नौका उलटली आणि दोघा पर्यटकांचे प्राण गेले. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु तो आठवून एवढें तरी ध्यानांत धरावें कीं, "अजून चार माणसें घ्या हो, आमचींच आहेत" असें म्हणून तांडेलाच्या खिशांत नोट कोंबणारा आपल्या मुलाबाळांचें कांहीं भलें करीत नाहीं. नौकेवर चढतांना लाइफजॅकेटें मोजावीं आणि माणसें मोजावीं, पैसे उतरल्यावर.

मग द्यावें तें कसें? याचें उत्तर शोधावयास अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावरच तें फार दिवसांपासून आहे. तेथें रापण म्हणून मासेमारीचा एक जुना प्रकार आहे. होडींतून भलें मोठें जाळें समुद्रांत वळणानें टाकून त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून पुष्कळ माणसें मिळून ओढतात. जें मिळेल त्याचे वांटे पडतात. ओढणाराला वांटा, होडीला वांटा, जाळ्याला वांटा. "माझ्या बाजूला मोठा मासा आला" म्हणून कोणी अधिक मागत नाहीं. आज नौकांवर दिसणाऱ्या कित्येक मुलांचे बाप आणि आजे हीच रापण ओढीत आले. तेव्हां बक्षीसहि रापणीच्या न्यायानें वांटलें जावें, हें त्यांना शिकवावें लागणार नाहीं. आपल्यालाच शिकावें लागेल. ज्यानें आपला सुंदर व्हिडिओ काढला त्याच्याच हातावर गुपचूप नोट ठेवून निघून जाणें, ही आपली वाईट खोड आहे. त्यानें नौकेवरच्या पांच जणांत भांडण लागतें आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण कॅमेऱ्यासाठीं धडपडूं लागतो; नांगराकडे कोण पाहील?

म्हणून माझी रीत अशी आहे, आणि ती मी राहुरीहून जाणाऱ्या मंडळींना न विचारतां सांगतों. दर पाडूं नये. फार वाटल्यास दुसऱ्या नौकेवर जावें. जें एकंदर भाडें दिलें त्याचा दशांश वेगळा काढावा. अमेरिकेंतल्या अशा नौकांवर पंधरा ते वीस टक्के ठेवण्याचा रिवाज आहे. आपल्याला दहांनीं आरंभ करण्यास हरकत नसावी. वरच्या उदाहरणांतील चौघांच्या कुटुंबाला पूर्ण दरानें तो 400 रुपये पडतो, आणि तेवढ्याचीं मालवणी खाजीं व काजू आपण हां हां म्हणतां घेतों. ती रक्कम सर्व जण किनाऱ्याला लागल्यावर, एकाच माणसाच्या, म्हणजे तांडेलाच्या हातांत, चारचौघांसमोर आणि "हें सगळ्यांचें, नळकांडीं भरणाराचेंहि" असें स्पष्ट म्हणून द्यावी. देतांना व्हिडिओ काढूं नये. उपदेश करूं नये. हल्लीं फोनवरून पैसे पाठविण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच; मात्र पाठविण्यापूर्वीं खातें कोणाचें हें पाहावें, कारण फलकावर डकविलेला चौकोन बहुधा मालकाचा असतो आणि आपण तांडेलाला दिलें या समजुतींत घरीं येतों. दिल्यानंतर कोणी आभार मानलेच पाहिजेत अशी अपेक्षा ठेवूं नये. आपल्या विहिरींत अडकलेली मोटर काढावयास बुडी मारणाऱ्या गड्याला आपण पैसे देतों तेव्हां आभार आपण मानतों, तो नाहीं.

नौकामालकांपैकीं जे जाणते असतील त्यांना एक सूचना करतों. प्रत्येक नौकेवर एक पेटी ठेवावी आणि तींत जमेल तें पगाराव्यतिरिक्त आहे असें तिच्यावर मराठींत लिहावें. पेटी ठेवण्याची कल्पना कांहींना लगेच आवडेल, याची मला खात्री आहे. म्हणूनच किल्लीबद्दल आतांच बोललेलें बरें. किल्ली तांडेलाजवळ असावी. पेटी शनिवारीं उघडावी, नळकांडीं भरणारा त्या वेळीं समोर बसलेला असावा, आणि वांटे पडेपर्यंत मालकानें पलीकडे माडाखालीं चहा घेत बसावें.